एसीचं वय कसं मोजायचं?

"एसी किती वर्षं चालतो हो?" हा प्रश्न मला दर मार्चमध्ये विचारला जातो, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा एकदा. तंत्रनिकेतनात मी २८ वर्षं प्रशीतन आणि वातानुकूलन हा विषय शिकवला, त्यामुळे माझ्या खिशात एक आकडा तयार असणार असं नातेवाईक आणि सोसायटीतले शेजारी गृहीत धरतात. आकडा आहेही. दहा वर्षं. दुकानदार तोच सांगतो, मेकॅनिक तोच सांगतो, मीही पूर्वी वर्गात तोच सांगत असे. तो अगदीच खोटा नाही. पण ज्या निर्णयासाठी लोक तो मागतात, त्या निर्णयात त्याचा फारसा उपयोग होत नाही.

निर्णय असा असतो : यंत्र बंद पडलंय, मेकॅनिकने एक रक्कम सांगितलीय, ती भरून जुनंच चालवायचं की ४०-४५ हजार घालून नवं आणायचं? अमेरिकेत यासाठी एक ठोकताळा सांगतात. दुरुस्तीचा खर्च आणि यंत्राचं वय यांचा गुणाकार ५,००० डॉलरच्या वर गेला की नवं घ्यावं. लक्षात ठेवायला सोपा आहे. मात्र त्यात यंत्र दिवसाला किती तास चालतं, वीज काय भावाने मिळते आणि नेमकं बिघडलंय काय, यातलं काहीच येत नाही. आपल्याकडे तर हेच तीन मुद्दे सगळा निकाल लावतात.

बिघाडापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त पैसा तिथेच वाया जातो.

एसी थंडी 'तयार' करत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर नेऊन टाकतो. हे काम एक वायू करतो, आणि तो आतल्या कॉइलपासून बाहेरच्या कॉइलपर्यंत बंद नळ्यांतून फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये त्याचं बाष्प होतं तेव्हा तो खोलीतली उष्णता घेतो. बाहेर कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो पुन्हा द्रव होतो आणि घेतलेली उष्णता रस्त्यावर सोडतो. हा फेरा पूर्णपणे बंदिस्त असतो. स्कूटरमध्ये पेट्रोल संपतं तसा एसीतला गॅस संपत नाही. २० वर्षांनीही तो पहिल्या दिवशी होता तितकाच असायला हवा. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला, दुसरा अर्थ नाही. म्हणून "साहेब, गॅस संपलाय, टाकून देतो, तीन हजार" हे वाक्य ऐकलं की तुम्ही एवढंच विचारायचं, "गळती कुठे सापडली?" उत्तर नसेल, तर तुमचे तीन हजार हवेत सोडण्याची ती तयारी आहे.

गळती शोधायची रीत जुनीच आहे. नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा, जोडांवर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहायचं. दाब काही तास धरून राहतो का तेही पाहायचं. मग जोड दुरुस्त करायचा, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि दमटपणा काढून टाकायचा, आणि शेवटी वायू वजन करून भरायचा. किती ग्रॅम ते आउटडोअरवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. हे सगळं करणारा मेकॅनिक निम्मा दिवस घेतो. पंधरा मिनिटांत 'टॉप-अप' करून जाणाऱ्यापेक्षा तो जास्त पैसे मागणार, आणि ते त्याला द्यावेत.

गळती फ्लेअर नटच्या जोडाला असेल तर काम सोपं. उघड्या वाकावर असेल तर तांब्याला ब्रेझिंग करून भागतं. ती आतल्या कॉइलच्या पातळ पात्यांमध्ये, नजरेआड कुठे तरी असेल, तर मामला वेगळा. तिथे हात पोचत नाही, कॉइलच बदलावी लागते. अॅल्युमिनियमची कॉइल असेल तर गल्लीतला मेकॅनिक ती सांधायच्या भानगडीत पडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

इथे मुंबई, ठाणे, वसई, नवी मुंबई या पट्ट्यातल्या वाचकांसाठी एक घरगुती चाचणी. दिवाळीआधी देवघरातली चांदीची निरांजनं आणि ताम्हण आपण घासून लखलखीत करतो. तुमच्या घरी ती दोन-तीन महिन्यांत पुन्हा काळी पडतात का? चांदी काळी पडते ती मुख्यतः हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. सांडपाण्याचा नाला आणि खाडीचा चिखल यांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. कुजक्या अंड्यासारखा तो वास ओहोटीच्या वेळी नाकाला ओळखीचा असतो. हाच वायू तांब्याशीही संयोग पावतो. ज्या घरात चांदी लवकर काळवंडते, त्या घरात एसीच्या कॉइलवरही काळी पुटं चढत असतात आणि नळीची भिंत झिजत असते. अशा कॉइलची एक गळती बंद केली की पुढच्या मोसमात दुसरी उघडते. जुनी रबरी नळी एका जागी सांधली की शेजारी फुटते, तसंच हे. कॉइल काढून पाहिल्यावर ती काळी कुळकुळीत दिसली तर माझ्या मते तिच्यावर दुरुस्तीचा एक रुपयाही घालू नये.

आता बाकीचे बिघाड. खोलीत पाणी ठिबकतं, हा बिघाडच नव्हे. पाणी वाहून नेणारी नळी शेवाळाने तुंबलेली असते. कॉइलवर बर्फ धरतो त्याची कारणं दोन : जाळी धुळीने बुजल्यामुळे हवा कमी खेळते, किंवा वायू कमी झाल्याने कॉइल शून्याखाली जाते. आधी जाळी धुवून बघावी, ते फुकट आहे. थंडी नीट पडते की नाही हे बघायला साधा तापमापक पुरतो. एसीत शिरणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा यांत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर यंत्र आपलं काम करतंय. दमट हवेत हा फरक कमी दिसतो, कारण यंत्राची बरीच शक्ती हवेतलं पाणी काढण्यात जाते. मुळात हे यंत्र जन्मलंच त्या कामासाठी. १९०२ साली विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली, ती दमटपणामुळे कागद फुगून रंगांची छपाई एकमेकांवर नीट बसत नव्हती म्हणून. माणसांना गारवा मिळाला तो नंतर.

बाहेरचा पंखा फिरतोय, पण कॉम्प्रेसर घुर्र करून थांबतो, असं झालं की "कॉम्प्रेसर गेला" हे निदान फार लवकर होतं. जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या एसीत कॉम्प्रेसरला धक्का देणारा एक कपॅसिटर असतो. डब्यासारखा दिसणारा, काहीशे रुपयांचा सुटा भाग. दर उन्हाळ्यात तापून तो हळूहळू निकामी होतो. तो मीटरने मोजल्याशिवाय कॉम्प्रेसरवर मृत्यूचा शिक्का मारू देऊ नये. माझा पुतण्या पुण्यात कोथरूडला राहतो. त्याचा फोन आला, "काका, कॉम्प्रेसर गेलाय म्हणतात. बारा वर्षं झालीच आहेत, काढूनच टाकू या." मी म्हटलं, "आधी दुसऱ्या एका मेकॅनिककडून कपॅसिटर तपासून घे, मग बघू." तो कपॅसिटरच होता.

इन्व्हर्टर एसीत रोग वेगळे. तिथे कॉम्प्रेसरपेक्षा त्याला चालवणारं सर्किट बोर्ड आधी जातं, ज्याला सगळे नुसतं पीसीबी म्हणतात. विजेचा चढउतार हे एक कारण. दुसरं कारण हसण्यासारखं वाटेल, पण खरं आहे : पाल. उबेला पाल आउटडोअरच्या पेटीत शिरते आणि बोर्डावरच्या दोन टोकांवर एकाच वेळी पाय ठेवते. नवा बोर्ड कंपनीकडून घेतला तर तो यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा खातो. पण बोर्डावरचा एखादाच भाग जळलेला असेल तर तो बदलून देणारे कारागीर मोठ्या शहरांत असतात, आणि लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात तसे भागही मिळतात. वॉरंटीचा कागद मात्र नीट वाचावा. 'कॉम्प्रेसरवर दहा वर्षं' याचा अर्थ बहुधा फक्त कॉम्प्रेसर. बोर्ड, कॉइल, वायू, मजुरी, ने-आण हे त्या दहा वर्षांत सहसा बसत नाही.

तर बिघाड काय आहे ते कळलं. आता हिशेब. यंत्राचं वय वर्षांत मोजण्याऐवजी तासांत मोजावं, हा माझा सगळा मुद्दा आहे.

पुतण्याच्या घरी एसी वर्षातून फार तर ६० रात्री लागतो, रात्री सहाएक तास. पुण्यात मे संपला की गरज संपते. म्हणजे वर्षाला ३६० तास. बारा वर्षांत ४,३२० तास. आता दुसरं घर. माझी मावशी डोंबिवलीत वरच्या मजल्यावर राहते. वय ७८, हृदयाचं दुखणं, आणि उकाड्यात झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी तिला उठवत नाही. डॉक्टरांनी सांगितल्यापासून गेली तीन वर्षं तिचा एसी साधारण २०० रात्री, आठ-आठ तास चालतो. वर्षाला १,६०० तास. पुतण्याच्या यंत्राने बारा वर्षांत जेवढं काम केलं त्याहून अधिक मावशीच्या यंत्राने एवढ्या तीन वर्षांत केलं. दोन्ही यंत्रं कॅलेंडरवर जवळपास एका वयाची. त्यांना एकच नियम कसा लागू होणार?

हा १,६०० चा आकडा मी मुद्दाम घेतलेला नाही, पण तो जुळला ते बरं झालं. ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे ज्यांचे तारे एसीवर चिकटवलेले असतात ती संस्था, लेबलावरचा वार्षिक विजेचा आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरूनच काढते. बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान कधी किती वेळ असेल, याची वाटणीही त्यात धरलेली असते. तेव्हा लेबलावरच्या बचतीचं आश्वासन मावशीला लागू आहे. पुतण्याला त्याच्या पावपटीहूनही कमी.

ताऱ्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ते कायमचे नसतात. लेबल २०१० मध्ये सक्तीचं झालं तेव्हा स्प्लिट एसीला पाच तारे मिळवायला ३.१ एवढी कार्यक्षमता पुरत होती, म्हणजे १ युनिट विजेत ३.१ युनिट उष्णता बाहेर. जुलै २०२२ च्या तक्त्यात एक तारा मिळवायलाच ३.३ लागत होते आणि पाच ताऱ्यांना ५. मधल्या काळात मोजण्याची पद्धत बदलली, २०१८ पासून पूर्ण मोसमाची सरासरी धरतात, त्यामुळे दोन आकडे एकास एक ताडून पाहता येत नाहीत. पण तुमच्या २०१२ च्या एसीवरचे तारे आज काहीच सांगत नाहीत, एवढं नक्की.

आता दीड टनाचं यंत्र घेऊ. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता उचलण्याची क्षमता. हे माप चोवीस तासांत एक टन बर्फ वितळायला लागणाऱ्या उष्णतेवरून आलं, बर्फाच्या कारखान्यांच्या काळातलं आहे. जुनं यंत्र कॉम्प्रेसर चालू असताना १.८ किलोवॅटच्या आसपास वीज घेतं. रात्री कॉम्प्रेसर ६० टक्के वेळ चालतो असं धरलं, तर तासाला सुमारे १.१ युनिट. तेवढंच काम नवं चांगलं इन्व्हर्टर यंत्र ०.७ युनिटच्या आसपास करतं. म्हणजे तासामागे बचत ०.४ युनिट. जाहिरातींत याहून मोठे आकडे असतात. पण रात्री बाहेरची हवा उतरलेली असते तेव्हा जुनं यंत्रही बऱ्यापैकी काम करतं, म्हणून मी हात आखडताच ठेवतो.

माझ्या आकड्यावर विसंबायचं कारण नाही. तुमच्या वीज मीटरवर एक लाल दिवा उघडझाप करत असतो, आणि एका युनिटला किती उघडझापा ते मीटरवरच छापलेलं असतं, बऱ्याच मीटरांवर ३,२००. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त एसी चालू ठेवा आणि एक मिनिट मोजा. ९६ उघडझापा आल्या तर यंत्र १.८ किलोवॅट घेतंय. मुलांना सुट्टीत करायला हा चांगला प्रयोग आहे.

पुढची पायरी युनिटच्या भावाची, आणि इथे बहुतेकांचा हिशेब घसरतो. लोक बिलाची रक्कम भागिले एकूण युनिट करून सरासरी भाव काढतात. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला पायऱ्या आहेत, आणि दर पायरीला भाव चढतो. दिवा, पंखा, फ्रिज हे वर्षभर असतातच. त्यांच्यावर येऊन बसतो तो एसी. म्हणजे एसीचे युनिट नेहमी सर्वांत वरच्या, सर्वांत महाग पायरीचे असतात. वाचलेल्या युनिटचा भाव म्हणजे त्या पायरीचा भाव, वहन आकार आणि वीज शुल्क धरून. पुतण्यासाठी मी तो १२ रुपये धरला, मावशीसाठी १४. तुमचा तुमच्या बिलावरून काढा.

पुतण्याची वर्षाची बचत १४४ युनिट, सुमारे १,७०० रुपये. मावशीची ६४० युनिट, सुमारे ९,००० रुपये.

नवं यंत्र बसवण्यासकट ४५,००० ला पडेल असं धरू. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे गणित नव्याच्या बाजूने थोडं सरकलं आहे. जुन्याचे ३,००० परत आले, तर ४२,०००. दहा वर्षांवर वाटले तर वर्षाला ४,२००.

पुतण्याने कपॅसिटर, सफाई आणि किरकोळ कामं धरून ३,००० घातले आणि यंत्र आणखी तीन वर्षं चाललं, तर त्याला वर्षाला १,००० दुरुस्तीचे आणि १,७०० जास्तीच्या विजेचे, एकूण २,७०० पडतात. नव्यापेक्षा स्वस्त. दुरुस्तीला ६,००० लागले असते तरी त्याने नवं घेऊ नये, असं हा हिशेब सांगतो. खरोखर कॉम्प्रेसर गेला असता तर मात्र मी त्याला थांबवलं नसतं. बारा वर्षांच्या यंत्रात नवा कॉम्प्रेसर घालणं मला पटत नाही. जुन्या नळ्यांतला गाळ आणि आम्लता नव्या कॉम्प्रेसरलाही खातात.

मावशीचं उलट आहे. तिच्या यंत्रात सलग तीन मोसम वायू भरला गेला, दर वेळी सुमारे ३,०००. ९,००० जास्तीच्या विजेचे, ३,००० वायूचे, म्हणजे वर्षाला १२,०००. खाडीकाठची हवा लक्षात घेऊन मी नव्या यंत्राचं आयुष्य दहाऐवजी सातच वर्षं धरलं, तरी त्याचे वर्षाला ६,००० होतात. दुरुस्ती कुणी फुकट करून दिली असती तरीही जुनं ठेवणं तिला महाग होतं.

तिला हे पटवणं सोपं गेलं नाही. यंत्र काकांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेलं. "अरे, चालतंय तोवर चालू दे. पैसे काय झाडाला लागतात?" निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या माणसाला ४२,००० एकदम काढणं आणि दर महिन्याच्या बिलात सातशे-आठशे जास्त भरणं या दोन गोष्टी सारख्या वाटत नाहीत. आकडे सारखे झाले तरी वाटत नाहीत. मला तिचा काटकसरीचा स्वभाव माहीत आहे, त्यामुळे मी एक वेगळीच गोष्ट पुढे केली : ती बिलाच्या भीतीने पहाटे दोनला उठून एसी बंद करत होती, आणि मग घामाने जागी राहत होती. "मावशी, ज्याच्यासाठी तू हे यंत्र ठेवलंयस ती झोपच तुला मिळत नाही." त्यावर ती गप्प राहिली. आठ दिवसांनी तिनेच फोन करून विचारलं की दीड टनाचा घ्यायचा की एक टनाचा. तिची खोली १०० चौरस फुटांची, पण डोक्यावर उघडी गच्ची. मी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्यायला सांगितला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिकाची झडप लावली आणि एक टनाचा घेतला. नवा घेताना जुन्याच मापाचा घ्यायला हवा असं काही नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना. इन्व्हर्टर यंत्र रात्री मंद चालतं, त्यामुळे कोकणपट्टीच्या पावसाळ्यात खोली गार पण ओलसर वाटते, आणि "नव्यात मजा नाही" अशी तक्रार येते. अशा वेळी 'ड्राय' मोड वापरावा. दुसरी सूचना विदर्भातल्या वाचकांसाठी. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर एसीच्या कितीतरी कमी विजेत उत्तम काम करतो. ज्यांच्या घरी कूलर आहे त्यांनी एसीचे तास फक्त जूननंतरच्या दमट आठवड्यांचे धरावेत. तास एकदम खाली येतात आणि निर्णय दुरुस्तीच्या बाजूला झुकतो.

आता एक बाजू राहिली, जिचा बिलाशी संबंध नाही. २०१०-१५ च्या सुमारास घेतलेल्या बऱ्याच एसींत आर-२२ हा वायू आहे. पट्टीवर लिहिलेलं असतं. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगभर तो टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नवी उपकरणं बनवताना अशा वायूंचा वापर थांबला. आपल्यासारख्या देशांसाठी २०३० पर्यंत तो जवळपास पूर्ण संपवायचा आहे, जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरता थोडा साठा २०४० पर्यंत. जुन्याचा गॅस दरवर्षी महाग होण्यामागे हे कारण आहे. आर-२२ च्या यंत्रात दुसरा 'स्वस्त' वायू भरून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. आर-३२ चा दाब त्या नळ्यांना झेपणारा नाही, त्याला तेलही वेगळं लागतं. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचे ज्वलनशील वायू, ज्या यंत्राची आखणी त्यांच्यासाठी झालेली नाही त्यात भरणं म्हणजे झोपायच्या खोलीत आगीला आमंत्रण.

आर-२२ पृथ्वीही तापवतो, वजनावारी कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट. दीड टनाच्या यंत्रात तो १.२ किलो असेल, तर हवेत सुटल्यावर त्याचा परिणाम दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडएवढा. आपल्याकडे एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे पुतण्याने 'पर्यावरणासाठी' एसी बदलला असता आणि भंगारवाल्याने जुन्याची नळी कापून वायू सोडून दिला असता, तर ते नुकसान भरून यायला सुमारे २० वर्षं लागली असती. मावशीच्या घरी पाच वर्षांच्या आत भरून येतं. आणि तिच्या यंत्रातून गेल्या तीन मोसमांत गळून गेलेला वायू हा त्याच जातीचा खर्च, तो कुणाच्याच वहीत लिहिला गेला नाही. नव्या यंत्रांतल्या आर-३२ चा हा आकडा ६७५ आहे आणि काही यंत्रांत असलेल्या आर-२९० चा, म्हणजे प्रोपेनचा, एकआकडी. पण गळू न देणं तिथेही लागू आहेच.

म्हणून जुनं यंत्र उतरवण्याचा दिवस मी निर्णयाचाच भाग मानतो. उतरवण्याआधी वायू आउटडोअरमध्ये ओढून घेऊन झडपा बंद करतात, याला पंप-डाउन म्हणतात. कॉम्प्रेसर चालत असेल तरच ते होतं, आणि जोड आधीच सैल केला तर आत हवा ओढली जाऊन तेलासकट स्फोट होऊ शकतो. घाई करणाऱ्या माणसाच्या हातून ते करून घेऊ नये. मग ते बंद यंत्र कुठे जातं हे विचारावं. २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या एसीची नीट विल्हेवाट लावून घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. एक्सचेंजच्या पावतीवर ते कुठल्या नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जाणार ते लिहून मागता येतं. दुकानदार आश्चर्याने बघतो, पण लिहून देतो. मावशीच्या वेळी त्याने दोन फोन केले आणि मग लिहून दिलं.

शेवटची पाहणी लोखंडी स्टँडची. खाडीकाठी कॉइल झिजते तशी भिंतीवरची कंसाची चौकटही आतून गंजते, वरून रंग शाबूत दिसतो. तिच्यावर तीस-पस्तीस किलो वजन रस्त्यावर लटकत असतं. यंत्र ठेवायचं ठरलं तरी स्टँड दहा वर्षांचा झाला की बदलावा, आणि बोल्ट भिंतीत आरपार आहेत ना ते पाहावं. ते काम करायला सज्ज्यावर उतरणारा मुलगा बहुधा विशीतला असतो, कमरेला दोरीही न बांधता. दोर आणि पट्टा घेऊनच यायचं, हे फोनवर आधीच सांगून ठेवावं. त्याचे दोनशे रुपये जास्त पडले तर ते याच हिशेबात धरावेत.